शेवटचा हात कुणाचा

कॉम्प्युटर बिघडलेल्या घरात सुभेदार फौजदारासारखे शिरायचे. चपला दाराबाहेर भिंतीला टाचा लावून जोडीनं ठेवायच्या, मोरीत जाऊन हात धुवायचे, आपल्याच रुमालाला पुसायचे आणि खुर्चीत बसल्यावर घरातल्या एकेकाच्या तोंडाकडं बघत विचारायचे, "ह्याला शेवटचा हात कुणाचा लागला?" कुणी बोललं नाही की पुढचा प्रश्न. "आणि त्या हातानं काय केलं?" या दुसऱ्या प्रश्नाला रहिमतपुरातल्या झाडून सगळ्या घरांनी त्यांना एकच उत्तर दिलेलं आहे. काही केलं नाही, आपोआप बंद पडलं.

"काही न करता बंद पडायला त्ये काय माणूस हाय व्हय?" सुभेदार म्हणायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. खरं उत्तर मिळेपर्यंत ते कॉम्प्युटरला बोट लावत नसत. चहा घेत, बिस्कीट खात, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत, पण बोट लावत नसत. एका वकिलाच्या घरी ते असे अडीच तास बसले होते. वकील आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले की माझ्यावर आरोप काय ते तरी सांगा. सुभेदार म्हणाले, आरोप न्हाई, चौकशी हाय. अखेर वकिलांच्या बायकोनं आतून येऊन सांगून टाकलं, की यांनी जागा करायची म्हणून ज्याचं नाव ओळखीचं वाटलं नाही ते सगळं पुसून टाकलं. सुभेदारांनी तिला नमस्कार केला आणि कामाला लागले.

त्यांना नाव होतं, पण ते पेन्शनच्या कागदावर. गावाला ते सुभेदार. फौजेत सिग्नलमध्ये होते, म्हणजे आधी तारा, मग वायरलेस आणि पुढं पुढं कॉम्प्युटर. मूळचे सांगलीकडचे, मिरजेच्याही पलीकडले. बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द टाकायचे आणि आम्हाला कळला नाही की खूश व्हायचे. निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, रहिमतपुरात घर बांधून राहिले. मी त्यांना तोंडावर घरजावई म्हणायचे. ते म्हणायचे, "घरजावई न्हाई आक्का, पोस्टिंग हाय. तुमच्या वहिनीनं ऑर्डर काढली."

माझं काम बायकांचे ब्लाउज शिवायचं. चौथीनंतर शाळा सुटली, सोळाव्या वर्षी शिलाई मशीनवर बसले, ती अजून उठलेली नाही. पुरुषांचं कापड मी हातात घेत नाही. फक्त सुभेदारांच्या पँटी घेतल्या, त्याही वहिनी शेजारीण म्हणून. दर दिवाळीच्या आधी ते तीच खाकी पँट घेऊन यायचे आणि कंबर सैल करून द्या म्हणायचे. कापड आटलंय. मी टेप लावला की श्वास ओढून धरायचे आणि वर आढ्याकडं बघायचे.

"शेवटचं काय खाल्लं?" मी विचारायचे.

"काही न्हाई."

"मग कापड आपोआप आटलं?"

यावर त्यांना उत्तर देता येत नसे, कारण बोलायला श्वास सोडावा लागला असता. मी टेपवर दिसेल त्यात दीड इंच घालून पँट सैल करायचे. ती बरोबर बसायची. ती घालून ते आमच्या अंगणात एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, "बघा, वाढलो न्हाई."

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो सुनेमुळं. वैशाली सांगलीची. लग्नाआधी कॉम्प्युटर शिकलेली, इथं आल्यावर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागली. दाखले, परीक्षा, कॉलेजचे प्रवेश. कॉम्प्युटर जुना होता. तो माझ्या मशीनशेजारी ठेवला, कारण घरात चांगला उजेड तिथंच. सुभेदारांनी तो बघितला आणि एकाच कॉम्प्युटरात दोन कारभार करून दिले. एक विंडोज, वैशालीच्या अर्जांसाठी. दुसरा लिनक्स, तो म्हणे जुन्या यंत्रावरही हलका चालतो. मला यातलं काही कळेना. वैशाली मला समजावून सांगायला लागली, की आत्या (ती मला आत्या म्हणते), एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग केलेत. सुभेदारांनी तिला थांबवलं.

"आक्का, एक घर हाय. दोन भाऊ. वाटणी झाली, चुली येगळ्या झाल्या, पर दार एकच. दारात म्हातारा बसलाय. कॉम्प्युटर चालू केला की म्हातारा इचारतो, कुणाकडं जायाचं, थोरल्याकडं का धाकट्याकडं? तुमी सांगाल तिकडं सोडतो."

"आन् म्हातारा गेला तर?"

"घरं असत्यात की. जाता येत न्हाई."

हे मला लगेच कळलं. अशी घरं आमच्या आळीत चार आहेत. या म्हाताऱ्याला कॉम्प्युटरवाले बूट लोडर म्हणतात. थोरला म्हणजे विंडोज, आणि थोरल्यांची जी खोड असते ती त्याला आहे. अपडेट म्हणून त्याच्या घरात काहीबाही बांधकाम निघतं आणि मग तो मधली भिंत सरकवतो, नाहीतर म्हाताऱ्याला उठवून स्वतःच दारात बसतो आणि धाकट्याचं नावच काढत नाही. सुभेदारांचं निम्मं आयुष्य त्या म्हाताऱ्याला परत दारात नेऊन बसवण्यात गेलं. गावातले असे दोन कारभारांचे कॉम्प्युटर बहुतेक त्यांनीच करून दिलेले. मी एकदा म्हटलं, वाटणी तुम्हीच करून द्यायची आणि भांडणही तुम्हीच मिटवायचं, हे बरं आहे. ते म्हणाले, "मग पुढारी दुसरं काय करत्यात?"

सामानासाठी त्यांच्याकडं पत्र्याची एक हिरवी पेटी होती. तीत पेचकस, तारा आणि पाच-सहा पेनड्राइव्ह. चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक पेनड्राइव्हला माझ्याकडून नेलेला रंगीत दोरा बांधलेला. लाल दोऱ्याचा दुरुस्तीचा. पांढऱ्या दोऱ्याचा रिकामा, कुणाचं काही वाचवून काढायचं झालं तर. पेटीच्या तळाला एक रजिस्टर असायचं. त्यात ते रोज काय काय केलं ते लिहायचे आणि कुणाला दाखवायचे नाहीत. मी म्हणायचे, आता कोणता साहेब तपासणीला येणार आहे? ते रजिस्टर मिटून वर हात ठेवायचे.

धाकट्याच्या, म्हणजे लिनक्सच्या, घरात माझी मापं राहायला गेली. मापांच्या माझ्या अकरा वह्या होत्या. रहिमतपूरच्या मुली लग्न होऊन पुण्याला, लोणंदला, कऱ्हाडला जातात आणि तिथून एसटीनं कापड पाठवतात. मी शिवून पाठवते आणि तो ब्लाउज बसतो. माझ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा माप द्यावं लागत नाही, एवढी एकच फुशारकी मी आयुष्यात मारली. नुसतं माप नसतं. त्यापुढं खुणा असतात. डावा खांदा अर्धा इंच उतरता. घट्ट मागते, देऊ नये. पोटुशी असतानाचं माप, धरू नये. वह्यांतली शाई उडायला लागली तेव्हा वैशालीनं दोन महिने बसून ते सगळं कॉम्प्युटरात घातलं. आणि मी त्या वह्यांची पानं फाडून ब्लाउजच्या कागदी कटिंगला वापरली. चांगला जाड कागद होता. फुकट घालवायचा माझा स्वभाव नाही.

त्या मापांत एक माप होतं लोणंदच्या मास्तरीणबाईंचं. माहेर इथलंच. त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. त्यानंतर त्या माझ्याकडं आल्या तेव्हा मी दार लावून घेतलं. पहिले चार ब्लाउज वाया गेले, चार वेळा त्यांना माझ्यापुढं उभं राहावं लागलं. पाचवा बसला. अस्तरात खिसा कुठं, त्यात कापूस किती, उजवा मुंढा किती उतरवायचा, सगळं मिळून दोन ओळी. बाईंनी आरशात बघितलं. दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला पदर त्यांनी काढला, एका खांद्यावर टाकला आणि एसटीला गेल्या. वैशालीनं त्या दोन ओळी कॉम्प्युटरात घातल्या आणि घरात नवऱ्यालासुद्धा सांगितल्या नाहीत. पोरगी भरवशाची आहे हे मला तेव्हा कळलं. तसं मी तिला बोलले नाही.

मग बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. बाईंचं स्वतःचं कापड आलं, हिरवं, जरीकाठाचं. लग्न दहा दिवसांवर होतं.

त्या दिवशी वैशाली कोरेगावला निघाली होती. जाताना सांगून गेली, आत्या, अपडेट चालू आहे, त्याला हात लावू नका. माझं ऐकून झालं होतं. पण दुपारी एक बाई तीन ब्लाउज न्यायला येणार होती आणि इस्त्री राहिली होती. आमच्या बोर्डाला दोन सॉकेट. एक ठिणग्या टाकणारं, म्हणून बंद. दुसऱ्यात कॉम्प्युटर. मी पडद्याकडं बघितलं. चक्र फिरत होतं, खाली इंग्रजी अक्षरं आणि तीस टक्के. आकडे मला वाचता येतात. मी अर्धा तास वाट बघितली, तरी तीसच. मी विचार केला, शंभरातलं तीसच झालंय, म्हणजे अजून फार काही झालेलं नाही. आत्ताच काढलं तर नुकसान थोडं. पिन काढली, इस्त्री लावली, ब्लाउज दिले, इस्त्री काढली, पिन परत लावली. पडदा काळा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. मी त्यावर झालरीचं आच्छादन घातलं आणि चहा टाकला.

संध्याकाळी वैशालीनं आच्छादन काढलं. तिनं दहा वेळा बंद-चालू केलं, तीच ओळ. मुलगा कंपनीतून आला आणि उभ्याउभ्याच तिला म्हणाला, तूच कायतरी घेतलं असशील इंटरनेटवरनं. वैशालीनं मला विचारलं, आत्या, तुम्ही काही केलं का? मी घेवड्याच्या शेंगा सोलत होते. म्हटलं, मी कशाला हात लावतीय त्याला. आणि सोलत राहिले. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आले. वैशाली कुणाचा तरी अर्ज दुसरीकडून भरायला साताऱ्याला गेली होती. चपला, मोरी, रुमाल, सगळं झालं. त्यांनी पांढरी ओळ वाचली आणि मला सांगितली. "म्हातारा म्हणतोय, असलं घरच इथं न्हाई. थोरल्यानं भिंत सरकवली आन् काम अर्ध्यात राहिलं. म्हातारा जुन्या दाराला हात लावतोय, तिथं आता भिंत हाय."

"माझी मापं?"

"सांगता येत न्हाई. शेवटचा हात कुणाचा?"

"मला काय म्हाईत."

त्यांनी हाताची घडी घातली. मी म्हटलं, "सुभेदार, त्यात एका ब्लाउजचं माप हाय. ते गेलं तर चालायचं न्हाई."

"कुणाचं?"

"ते तुमाला काय करायचंय."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, आक्का, चहा टाका, मी तवर नुसतं बघतो. मी चहा घेऊन आले तेव्हा पडदा काळाच होता आणि ते रुमालात काहीतरी गुंडाळून खिशात ठेवत होते. चहा प्याले. परत विचारलं. मी परत सांगितलं, काही केलं नाही. ते उठले, चपला घातल्या, उद्या येतो म्हणाले.

जुना ब्लाउज पाठवा म्हणून बाईंना कळवता आलं असतं. वैशालीनंही तेच सुचवलं. पण जुना मागवला की त्यांनी विचारलं असतं, माझं माप कुठं गेलं? तेव्हा काय सांगायचं, हरवलं? ते माप त्यांनी माझ्याजवळ ठेवायला दिलं होतं. हिरवं कापड मी फडताळात मागं सरकवलं, समोर दिसायला नको म्हणून.

तिसऱ्या दिवशी सुभेदार आले तेव्हा वैशाली घरात होती. त्यांनी खुर्चीत बसून आधी बोर्डाकडं बघितलं, मग खाली ठेवलेल्या इस्त्रीकडं.

"इस्त्री बरी तापती का, आक्का?"

"तापती."

"कुठल्या भोकात?"

"तुमी कॉम्प्युटर बघायला आलाय का इस्त्री?"

त्यांनी वैशालीला विचारलं, शेवटचा हात कुणाचा? ती म्हणाली, "माझाच, काका. मीच अपडेट लावून गेले. मला अंदाज घ्यायला हवा होता." सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी सुईत दोरा ओवत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो जाईना. त्यांनी एक बिस्कीट जास्त खाल्लं आणि उठले. मी दारापर्यंत गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मशीन हुईल आक्का, आज न्हाई तर उद्या. त्या पोरीच्या नावाचं काय?"

मला त्यांचा राग आला. माणूस खरा असला की त्याचा फार राग येतो.

चौथ्या दिवशी सकाळी वैशाली फोन घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, आत्या, मीच बाईंना सांगते. माझ्या हातून तुमचं माप गेलं म्हणते, तुमच्यावर येणार नाही. तिनं नंबर काढलासुद्धा. दारात सुभेदार चपला भिंतीला लावत होते.

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "शेवटचा हात माझा. इस्त्रीसाठी मी पिन काढली."

सुभेदार ओल्या हातांनीच मोरीतून बाहेर आले. "अपडेट चालू हाय हे म्हाईत हुतं?"

"हुतं. तीसच टक्के झालं हुतं."

"म्हणून काढली?"

"तीस टक्के शिवलेलं उसवता येतं."

त्यांची मिशी हलली. पण ते हसले नाहीत, आणि त्याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे. वैशालीनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "आज हे कंपनीतून आले की त्यांना तुम्हीच सांगायचं."

"सांगते."

सुभेदार रुमाल शोधत म्हणाले, "माज्या हातनं पण एकदा झालंय, आक्का. फौजेत. म्या गप बसलो. दुसऱ्याच्या बाहीवरची फीत गेली." मी विचारलं, कुणाची? ते म्हणाले, हात धुऊन येतो. हात त्यांनी मघाशीच धुतले होते.

मग ते कामाला लागले, म्हणजे वैशालीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागं हाताची घडी घालून उभे राहिले. म्हणाले, आधी हजेरी घे. तिनं दोन अक्षरं टाइप केली. पडद्यावर कंसांत नावं उमटली, डिस्कच्या सगळ्या भागांची, फौजेच्या रांगेसारखी. आता एकेकाला इचार, तुज्यात धाकटा हाय का? पहिल्यात नव्हता. दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्याला विचारल्यावर म्हाताऱ्याला त्याची भाषाच समजेना. तो थोरल्यानं नवीन काढलेला कप्पा, सुभेदार म्हणाले, ह्येच्यामुळं पुढच्या सगळ्यांचे नंबर हलले. चौथ्यात धाकटा होता. माझ्या हातातली कात्री मी कधी खाली ठेवली ते मला आठवत नाही.

"आता म्हाताऱ्याला नवा पत्ता सांग," सुभेदार म्हणाले. वैशालीनं दोन-तीन ओळी टाइप केल्या. एका ठिकाणी चुकली, म्हाताऱ्यानं नाही म्हटलं, तिनं परत टाइप केलं. शेवटच्या ओळीत एकच शब्द, नॉर्मल. पडदा क्षणभर पूर्ण काळा झाला आणि मग रोजचा प्रश्न आला, कुणाकडं जायचं? ती धाकट्याकडं गेली. मापं होती. अकरा वह्यांची, खुणांसकट. हे पक्कं न्हाई, सुभेदार म्हणाले, बंद केलं की म्हातारा परत इसरंल. मग वैशालीकडून आणखी दोन हुकूम घालून घेतले आणि म्हाताऱ्याला दारात कायमचा बसवला. थोरला पुष्कळ वेळ कुरकुरत होता, केलेलं बांधकाम मागं घेतोय म्हणत. घेतलं त्यानंही.

मुलाला मी संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, असू दे गं आई, होतं असं. मी म्हटलं, व्हय रं? मी केलं तर होतं असं, आन् तिनं केलं म्हणून तीन दिवस तोंड फिरवून बसलास? त्याला ते आवडलं नाही. त्याला आवडावं म्हणून मी बोललेच नव्हते.

बाईंचा ब्लाउज दोन दिवसांत शिवून एसटीनं गेला. लग्नातला फोटो वैशालीच्या फोनवर आला. हिरवा ब्लाउज, पदर एका खांद्यावर. सुभेदारांनी त्याच आठवड्यात नवा बोर्ड आणून बसवला, तीन सॉकेटचा. इस्त्रीच्या सॉकेटाभोवती त्यांनी लाल रंगानं गोल काढला. मी म्हटलं, मी काय लहान आहे? म्हणाले, "लहान असता तर सांगून भागलं असतं."

मागच्या वर्षी सुभेदार गेले. सकाळी चहा घेतला, वहिनींना पेपर मागितला आणि वहिनी पेपर घेऊन येईपर्यंत बंद पडले. काही न करता.

महिन्याभरानं वहिनी हिरवी पेटी घेऊन आल्या. म्हणाल्या, ही वैशालीला द्यायची असं त्यांनी मागंच बोलून ठेवलंय. पेटीत सगळं जागच्या जागी. दोरेही तेच, माझे. वैशालीनं रजिस्टर काढलं आणि आमच्या घराची पानं शोधली. मी शिवत होते. मी म्हटलं, मोठ्यानं वाच, मला ऐकू येत नाही. येत होतं.

पहिल्या दिवसाचं असं होतं. "आक्कांचं घर. काळा पडदा. लाल पेनड्राइव्हवरून चालू करून मापांचा फोल्डर पांढऱ्यावर काढून घेतला. सगळी मापं सुखरूप. बायकांची आहेत, उघडली नाहीत. कारण विचारलं. आक्का खोटं बोलल्या. उद्या परत."

दुसऱ्या दिवसाचं. "आक्का खोटं बोलल्या. सून आळ स्वतःवर घेते आहे. चहा चांगला. उद्या परत."

तिसऱ्या दिवसाचं. "आक्का खरं बोलल्या. मशीन सुनेकडून चालू करून घेतलं. बोर्ड बदलणे."

वैशाली वाचायची थांबली. मी मशीनचं चाक हातानं धरून बसले होते. म्हणजे ज्या सकाळी मी चहा टाकायला आत गेले तेव्हाच मापं त्यांच्या खिशात होती. चौकशी संपल्याशिवाय बोट न लावणाऱ्या माणसानं आपला नियम मोडून ती काढली होती, आणि परत आपण काही केलं नाही असं तोंड करून माझी बिस्किटं खात बसला होता. मला म्हणाले, सांगता येत न्हाई. मी म्हटलं, "लबाड मेला." आणि मग ते खरंच मेलेले आहेत हे लक्षात येऊन वैशाली हसली, आणि मीही हसले. वहिनी घरात नव्हत्या ते बरं झालं.

आता गावातले काळे पडदे वैशालीकडं येतात. ती दुरुस्त करते, मी शेजारी बसून शिवते आणि आलेल्याला विचारते, शेवटचा हात कुणाचा? लोक मला घाबरतात. सुभेदारांना घाबरायचे त्यापेक्षा जास्त, कारण मी बिस्कीट खात नाही.

पेटी आली त्या दिवशी वैशालीनं पांढऱ्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह लावून बघितला. फोल्डर होता. माझ्या सगळ्या बायका, नावाप्रमाणं, आणि त्यांच्यात एकटा पुरुष. तिनं ती ओळ वाचून दाखवली. सुभेदार, पँट. श्वास ओढून धरतात. टेपवर दिसेल त्यात दीड इंच घालणे. त्यांना सांगू नये.

इतकी वर्षं हे त्यांच्याच पेटीत होतं आणि त्यांनी उघडलं नाही. उघडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी ती पँट घेऊन भांडायला आले असते, आणि मी टेप लावल्यावर त्यांनी परत आढ्याकडंच बघितलं असतं.

वैशालीनं विचारलं, "आत्या, आता हे माप पुसू का?"

मी म्हटलं, "त्याला हात लावू नकोस."